उघड्या मनगटाचा किल्लेदार

नाटकात पडदा ओढणारा माणूस सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो आणि कुणालाच दिसत नाही. चंदीगडच्या मराठी मंडळात एकतीस वर्षं हे काम एकाच माणसाने केलं. कृष्णकांत पाटगावकर. मूळचे सांगलीचे. बायको सरोज इथल्या मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून लागली, तिच्यामागोमाग तेही आले आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चिकटले. परीक्षेच्या हॉलमध्ये मनगट डोळ्यांसमोर धरून "आखरी दस मिनट!" असं ते ओरडले, की समोरच्या दोनशे पोरांची पेनं एकदम पळत सुटत. पंजाब-हरियाणातले कित्येक बडे डॉक्टर आणि वकील अजूनही त्या आवाजाने झोपेतून दचकून उठत असतील.

त्या मनगटावरचं घड्याळ लग्नातलं. चावीचं, पांढऱ्या तबकडीचं, चामडी पट्ट्याचं. रोज सकाळी सातला बावीस वेळा चावी. आंघोळीच्या वेळी ते साबणाच्या शेजारी, डोळ्यांसमोर. झोपताना हातातच. पट्टे बदलले, काच बदलली, कृष्णकांतांचे केस गेले, घड्याळ जागचं हललं नाही.

मंडळाच्या नाटकाची वेळ सहाची असली, की सहाच्या ठोक्याला पडदा वर जायचा. मग पाहुणे गाडी लावत असोत, नाहीतर नट पान थुंकत असो. एका वर्षी सीता चष्म्यासकट वनवासाला गेली. एका वर्षी पडदा उघडला तेव्हा राजवाड्यात एक वायरमन शिडीवर होता. तो बिचारा अर्धा प्रवेश हात जोडून तसाच उभा राहिला, आणि लोक शेवटपर्यंत त्याला गंधर्व समजत होते. कुणी तक्रार केली की कृष्णकांत म्हणायचे, "मी वेळेवर होतो. तुम्ही नव्हतात."

सरोजचं सगळं याच्या नेमकं उलट. छत्तीस वर्षं तिने युनिफॉर्मवर छातीशी घड्याळ लावलं. दर चार तासांनी औषध, दर तासाला नाडी, दर मिनिटाला कुणाची तरी हाक. निवृत्त झाली त्या दिवशी घरी येऊन तिने ते घड्याळ डाळीच्या डब्यात ठेवलं आणि जाहीर केलं, "आता मला भूक लागली की दुपार." तेव्हापासून घरात घड्याळ एकच, आणि ते नवऱ्याच्या हातात. सेक्टर बावीसमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एक माणूस मिनिटाला चुकत नसे आणि दुसऱ्याला वार आठवत नसे. संसार झकास चालला होता.

यंदा दिवाळी मिलनाच्या बारा दिवस आधी ठिणगी पडली. मंडळाची एकांकिका ठरली होती, किल्लेदाराची. मोठी भूमिका, आणि ती करणार होते हवाई दलातले ग्रुप कॅप्टन देवदत्त. देखणा माणूस, आवाज असा की खिडकीची तावदानं हलावीत. आणि त्यांची बदली आली. आमच्याकडे मुंबई-पुण्यात नट आजारी पडतात, रुसतात, दुसऱ्या कंपनीत पळतात. चंदीगडात त्यांना पोस्टिंग येतं. त्यावर ना औषध, ना मनधरणी. देवदत्तांनी दाढी वाढवायची परवानगी मिळवली होती, ती दाढी घेऊन ते तेजपूरला गेले.

लेखिका आणि दिग्दर्शिका होती वल्लरी. मोहालीच्या सेक्टर सदुसष्टमधल्या औषधनिर्माण संस्थेत संशोधन करणारी, तीस वर्षांची, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला फट मिळत नसे. ती थेट पाटगावकरांच्या घरी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "काका, किल्लेदार तुम्ही."

"मी? अगं, मी पडदा ओढतो."

"तुम्हाला सगळ्यांचं सगळं पाठ असतं. परवा देवदत्तदादा अडकले तर विंगेतून तुमचेच ओठ हलत होते. मी पाहिलंय."

"आणि पडदा कोण ओढणार?"

"मी ओढते," स्वयंपाकघरातून सरोज म्हणाली. "दोरीच आहे ना? की विमान आहे?"

 कृष्णकांतांनी घड्याळात पाहिलं. चार वाजून सतरा मिनिटं. हे नीट लक्षात राहिलं, कारण एवढ्या वर्षांत त्यांना कुणी पहिल्यांदाच रंगमंचावर बोलावलं होतं.

पहिल्यांदा म्हणजे, दुसऱ्यांदा. एकोणीस वर्षांचे असताना सांगलीत कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत त्यांना जासुदाचं काम होतं. एकच वाक्य. "सरकार, नदीला पूर आलाय, पण मी आलोय!" घोंगडी पांघरून, पायाला चिखल फासून ते विंगेत उभे होते. स्पर्धेत पंचेचाळीस मिनिटांची मर्यादा. मुख्य नट रडण्याच्या प्रवेशात रंगला, तो आवरेचना. परीक्षकांची घंटा वाजायला तीन मिनिटं राहिली तेव्हा दिग्दर्शकाने विंगेतच त्यांचा दंड धरला. "तू जाऊ नको. वेळ नाही." चिखल सुकेपर्यंत पोरगा तिथेच उभा राहिला. पुढच्याच आठवड्यापासून तो दुसऱ्यांच्या नाटकांत वेळ सांभाळू लागला. कुणाची तीन मिनिटं जाऊ नयेत म्हणून. ही गोष्ट जगात फक्त सरोजला ठाऊक होती, म्हणून तिने दोरी इतक्या झटकन मागून घेतली.

"एक अट आहे काका," वल्लरी म्हणाली. "घड्याळ काढायचं. गोष्ट सतराव्या शतकातली आहे."

"त्या दिवशी काढीन की."

"त्या दिवशी नाही, आजपासून. तुम्ही मला होकार देईपर्यंत पाच वेळा मनगट पाहिलंत. स्टेजवर पाहिलंत तर मेलो आपण. पक्का?"

पट्टा सुटला. खालून निघाली एक गोरीपान, गुळगुळीत पट्टी. चंदीगडच्या चाळीस उन्हाळ्यांनी हात खरपूस भाजून काढला होता, आणि मधोमध ही पनीरची चकती! तबकडीच्या जागी गोल, पट्ट्याच्या जागी लांबट. घड्याळ काढलं तरी घड्याळ तिथेच.

"अगंबाई," सरोज म्हणाली, "लग्नातला तुमचा रंग सापडला!"

पुढचे दिवस म्हणजे नुसता धिंगाणा. बँक उघडायच्या पाऊण तास आधी कृष्णकांत पायरीवर जाऊन बसले, चौकीदाराने त्यांना चहा पाजला. बाजारात ते दिसेल त्याला थांबवायचे. "टाइम क्या हुआ जी?" कुलचेवाल्याला विचारलं, त्याने मोबाईल काढून आधी नातवाचे फोटो दाखवले, मग वेळ सांगितली. एका सरदारजींनी आपलंच घड्याळ काढून पुढे केलं, "रख लो अंकलजी, साड्डे कोल होर है." म्हणजे आमच्याकडे आणखी आहेत. चहा उकळला का, हे पाहायलाही मनगट वर. दाराची बेल वाजली तरी मनगट वर. सरोजने एक दिवस खडूने भिंतीवर रेघा मारल्या. जेवणापर्यंत एक्केचाळीस झाल्या, मग खडू संपला.

"मला काही जमायचं नाही," चौथ्या दिवशी संध्याकाळी ते सुखना तळ्याकाठच्या बाकावर म्हणाले. "हात आपोआप जातो. त्या पोरीला सांग, दुसरा माणूस बघ म्हणावं."

"दुसरा कोण आहे?"

"तेही खरं."

"इकडे द्या हात." सरोजने दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली आणि तळ्यातल्या बदकांकडे बघत बसली. "चौऱ्याऐंशी. घाबरलायत."

"घड्याळाशिवाय कसं कळलं?"

"छत्तीस वर्षं दुसरं काय केलं मी? बोटांना कळतं." मग तिने त्यांचीच दोन बोटं धरून त्यांच्याच मनगटावर ठेवली. "हात वर गेला ना, की हे करायचं. बघायचं नाही, हाताने ऐकायचं. बघणाऱ्याला वाटेल, म्हातारा विचारात पडलाय."

कृष्णकांतांनी ऐकलं. टुक, टुक, टुक. "हे पुढे जातंय की मागे?" त्यांनी विचारलं. सरोज इतकी हसली, की बदकं उडाली.

आता एकांकिकेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. किल्लेदाराला हुकूम आहे की जासुदाची वाट पाहायची, पण किती वेळ? समोर पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यात तरंगतं घटिकापात्र. म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. भोकातून पाणी शिरतं, वाटी भरते, बुडते. ती बुडायच्या आत जासूद आला तर दरवाजा उघडायचा. नाही आला तर पूल तोडून टाकायचा आणि आपल्याच माणसांना पलीकडे सोडून द्यायचं. वल्लरीने ही वाटी खोटी ठेवली नव्हती. प्रयोगशाळेतली पोरगी ती. सतरा वाट्या वाया घालवून तिने असं भोक पाडलं होतं की वाटी बरोबर अठराव्या मिनिटाला बुडावी. त्याच्या आधी अर्धं मिनिट जासुदाने धापा टाकत यायचं. कृष्णकांतांनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं रंगभूमीवर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

जासूद होता सिद्धांत. गुणी पोरगा, संगणक कंपनीत कामाला, राहायला शहराबाहेर झिरकपूरला, जिथला चौक कायम तुंबलेला. या पोराचं एकच वाक्य सगळ्या मंडळाला पाठ होतं, "लाईटला आहे, पोचतोच." लाईट म्हणजे चंदीगडी सिग्नल.

प्रयोगाचा रविवार उजाडला. साडेपाचपर्यंत सभागृह भरलं. फौजी कुटुंबं, इस्पितळातले डॉक्टर, विद्यापीठातले प्राध्यापक, आणि चकली खात हिंदीत भांडणारी त्यांची पोरं. रंगपटात कृष्णकांत पगडी घालून बसले होते. पनीरच्या चकतीवर वल्लरीने तीन थर रंग चढवला होता. घड्याळ सरोजच्या हातात. तिला ते इतकं सैल होत होतं की तिने कोपरापर्यंत वर चढवलं होतं.

पाच पन्नासला वल्लरी पांढरीफटक होऊन आली. "काका, सिद्धांत आला नाहीये. फोनवर म्हणतो, घरूनच ड्रेस घालून निघालाय, पण लाईटला आहे."

"थांबूया मग दहा मिनिटं," सरोज म्हणाली. "लोक गप्पा मारतायत, खुशीत आहेत."

कृष्णकांत उभे राहिले. रिकामं मनगट वर गेलं आणि खाली आलं. "एकतीस वर्षांत पडदा एक मिनिट उशिरा गेलेला नाही. त्याची एंट्री अठराव्या मिनिटाला आहे. म्हणजे त्याच्याजवळ अठ्ठावीस मिनिटं आहेत. झिरकपूर काही लंडन नाही."

"अहो, रविवार आहे. लग्नाचे दिवस आहेत."

"सहा म्हणजे सहा."

आणि सहाला पडदा गेला. सरोजने दोरी अशी ओढली की तिसऱ्या रांगेपर्यंत धूळ उडाली.

काय सांगू, किल्लेदार सुरेख उभा राहिला! पहिल्या वाक्याला आवाज किंचित कापला, पण तो म्हाताऱ्या किल्लेदाराला शोभला. दुसऱ्या वाक्याला तो स्थिरावला. तिसऱ्याला सभागृहातल्या चकल्या थांबल्या. वाटी हळूहळू भरत होती आणि कृष्णकांत तिच्याकडे पाहत बोलत होते. एकतीस वर्षं ज्या उजेडाच्या काठावर ते उभे होते, त्याच्या आत पहिल्यांदाच ऊब होती. फक्त एक झालं. बोलता बोलता डाव्या मनगटावर उजवा हात फिरायचा, आणि फिरता फिरता त्याने वल्लरीचे तिन्ही थर पुसून काढले.

साडेसतरा मिनिटं झाली. जासूद आला नाही.

कृष्णकांतांनी विंगेत पाहिलं. वल्लरी कानाला फोन लावून रिंगण घालत होती. पाण्यावर वाटीचा काठ टेकला. एक बुडबुडा. डुबुक.

वाटी तळाला गेली, आणि रंगमंचावर किल्लेदार एकटा. आता नियमाने पूल तोडायला हवा. पूल तोडला तर जासूद येणार कुठून? पुढचं सगळं नाटक त्या जासुदाच्या पलीकडे होतं. कृष्णकांतांच्या आतल्या पडदेवाल्याला असा संताप आला, की डावा हात खाडकन डोळ्यांसमोर गेला.

दिव्याच्या झोतात पांढरी चकती लख्ख चमकली.

"अरे! काकांनी घड्याळ काढलंच नाही!" मधल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. पोरं खिदळली. मग मोठी माणसं. हशा लाटेसारखा पुढच्या रांगेपर्यंत आला. कृष्णकांतांचा हात हवेत तसाच राहिला. पुन्हा तीच विंग, पायाला सुकलेला चिखल, दंडावर कुणाची तरी पकड. वेळ नाही. तू जाऊ नको. आत्ता सरोजला खूण केली असती तर पडदा पडला असता, आणि मग आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांचं काम अर्ध्यावर राहिलं असतं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सरोजचा हात दोरीवर नव्हताच. घड्याळ कोपरापाशी लोंबत होतं आणि तिची दोन बोटं आपल्याच मनगटावर होती.

कृष्णकांतांनी दोन बोटं चकतीवर ठेवली. चकती झाकली गेली. टुक, टुक. त्यांनी मान वर केली आणि अगदी हळू म्हणाले, "पात्र बुडालं."

हशा विरला.

"पात्र बुडालं. पण ही अजून चालू आहे." बोटं मनगटावरच. "तांब्याच्या वाटीने माझ्या माणसांचा निवाडा करायचा? नाही. ही थांबेल तेव्हा पूल तुटेल. तोवर किल्लेदार वाट पाहील."

वल्लरीच्या हातातला फोन खाली आला. असं काही तिने लिहिलंच नव्हतं.

"मीही एकदा जासूद होतो," किल्लेदार सांगू लागला. "एकोणीस वर्षांचा. अंगावर घोंगडी, पायाला चिखल. निरोप तोंडात घेऊन दारापर्यंत पोचलो होतो. आणि दारातच माझा दंड धरला कुणी. म्हणाला, वेळ संपली, परत फीर." ते दोन पावलं पुढे आले. आता ते घाईत नव्हते. "तो निरोप मी कुणाला दिलाच नाही. अजून तोंडात आहे. ऐकायचाय?"

"हो!" पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, चक्क मराठीत.

कृष्णकांतांनी छाती भरून घेतली, आणि बावन्न वर्षं साठवलेलं वाक्य असं सोडलं की शेवटच्या रांगेतला पंखा हलावा. "सरकार! नदीला पूर आलाय! पण मी आलोय!"

टाळ्या! अहो, नुसत्या टाळ्या! आणि त्या टाळ्यांतच धाडकन दार उघडलं, विंगेचं नव्हे, प्रेक्षागृहाचं, आणि मधल्या वाटेने सिद्धांत धावत आला. अर्धी मिशी गालावर, पगडीवर चमकी, गळ्यात झेंडूची जाडजूड माळ. उडी मारून तो रंगमंचावर चढला आणि किल्लेदाराच्या पायाशी कोसळला. धाप अगदी खरी. शब्द एक आठवेना.

"उशीर झाला, जासूद," किल्लेदार म्हणाला. आवाजात राग शोधून सापडला नसता.

"वाटेत... वाटेत वरात आडवी आली, किल्लेदार!" सिद्धांत कळवळून म्हणाला. "फार गर्दी होती! सोडेनातच मला!"

झिरकपूरच्या चौकात आयुष्यातला एखादा तास घालवला नाही असा एकही माणूस त्या सभागृहात नव्हता. लोक खुर्च्यांवरून घसरले. एक कर्नल रुमालाने डोळे पुसत होते, बायको त्यांच्या पाठीवर थापटत होती. किल्लेदाराने हशा पूर्ण ओसरू दिला. मग हात उंचावून ठणकावलं, "दरवाजा उघडा!" आणि नाटक पुन्हा रुळावर आलं.

नंतर कळलं, सिद्धांतने अडकलेल्या रांगेतच गाडी कडेला सोडली आणि धावत सुटला. वरातीतल्या मंडळींना तो बँडवाल्यांपैकी वाटला. पगडी, मिशा, भरजरी अंगरखा, दुसरं काय वाटणार? त्यांनी त्याला मध्ये ओढला आणि पूर्ण एक गाणं भांगडा करायला लावला. नवऱ्यामुलाच्या मामाने माळ घातली आणि मोटरसायकलवर बसवून सभागृहापर्यंत आणून सोडलं. मामा शेवटच्या रांगेत उभा राहून उरलेलं सगळं नाटक बघून गेला. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो म्हणाला, "बुड्ढे ने कमाल कर दित्ती."

रंगपटात गर्दी ओसरल्यावर कृष्णकांत पगडी मांडीवर घेऊन बसले होते. सरोज आली.

"मी एकटा किती वेळ होतो गं तिथे?"

"मला काय ठाऊक?"

"अगं, घड्याळ तुझ्या हातात होतं!"

"हातात होतं. बघितलं कुणी? मी तुम्हाला बघत होते." तिने कोपरावरचं घड्याळ खाली ओढलं आणि पुढे केलं. "घ्या तुमचं."

त्यांनी ते घेतलं, कानाशी धरलं, आणि परत तिच्या हातात चढवलं. "तुझ्याकडेच राहू दे. पडदा आता तुझाच आहे. पुढच्या वर्षी काय करायचं, वल्लरी विचारत होती."

"आणि चावी?"

"रोज सातला. बावीस वेळा."

"मी कुठली सातला उठतेय?" सरोज म्हणाली. पण तिने घड्याळ काढलं नाही.

सध्या सेक्टर बावीसमध्ये दुपारी कधी गेलात, तर दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीकडे बघा. एक टक्कल पडलेले गृहस्थ कठड्यावर डावा हात पालथा टाकून उन्हात बसलेले असतात. खालून जाणारा ओळखीचा कुणी हटकून विचारतो, "अंकलजी, टाइम क्या हुआ?" ते दोन बोटं मनगटावर ठेवतात, डोळे मिटतात आणि खुशीत सांगतात, "बहात्तर!" पट्टी अजून पांढरीच आहे. सरोजच्या मते ती खरपूस व्हायला पुढचा उन्हाळा लागेल. त्यांना घाई नाही.